चार तासांचे अंतर

माणसाच्या हातून माणसाचा जीव जाणे या एकाच घटनेसाठी आपल्या मराठीत जितके शब्द आहेत, तितके प्रेमासाठी तरी असतील की नाही याची मला शंका आहे. वध, हत्या, खून, कत्तल, संहार, निर्दालन, शिरच्छेद, कापून काढणे, यमसदनास धाडणे. मरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक रांग लागते: धारातीर्थी पडला, कामी आला, हुतात्मा झाला, बळी गेला. यांतला कोणताही शब्द नुसती हकीकत सांगत नाही. हकीकत सांगता सांगताच तो निकालही देऊन टाकतो. अफझलखानाचा आपण वध म्हणतो आणि नारायणराव पेशव्यांचा खून म्हणतो. हे दोन शब्द क्षणभर अदलाबदल करून पाहावेत. वाक्य कानाला खटकते एवढेच होत नाही, तर बोलणाऱ्याच्या निष्ठेविषयीच ऐकणाऱ्याला संशय येऊ लागतो. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात सरकारला लॉर्ड कर्झन दिसला हे खरेच. परंतु त्या नावाचा उत्तरार्धही सरकारला तितकाच बोचला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. नाटकाचे नाव 'कीचकाचा खून' असते तर नाटककाराने भीमाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असते! आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत जे घडले त्याला कोणी 'वध' म्हणाले, तर त्या गृहस्थाशी पुढचे बोलणे करण्याची गरज उरत नाही. त्याचे सगळे म्हणणे त्या दोन अक्षरांतच सांगून झालेले असते.

तेव्हा प्रश्न असा की या शब्दांमधला फरक वस्तुस्थितीत आहे, की तो केवळ आपल्या सोयीचा आहे? एकाच हाताने, एकाच शस्त्राने केलेले एकच कृत्य एके ठिकाणी कर्तव्य आणि दुसऱ्या ठिकाणी पातक, हे कशाच्या बळावर ठरते? हा प्रश्न नवा नाही. परंतु तो माझ्यापुढे नव्याने उभा केला तो कोणा तत्त्वज्ञाने नव्हे, एका अमेरिकन बोलपटाने.

'द बिग रेड वन' हा सॅम्युअल फुलर या दिग्दर्शकाचा चित्रपट १९८० साली पडद्यावर आला. निर्मात्यांनी तो बराच कापून लावला होता. फुलर १९९७ साली वारल्यावर, २००४ साली, कापलेल्यातला सुमारे पाऊण तासाचा भाग शोधून परत बसवण्यात आला. मी दोन्ही रूपे पाहिली आहेत. लांब रूप अधिक ओबडधोबड आहे आणि मला तेच अधिक खरे वाटते. नाव पडले आहे ते अमेरिकेच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनच्या बाहीवरील लाल एकाच्या आकड्यावरून. फुलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात याच डिव्हिजनमध्ये साधा शिपाई होता. त्याआधी तो वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या देई. म्हणजे 'खून' या शब्दावरच त्याची उपजीविका चाले. असा मनुष्य पुढे तीन वर्षे बंदूक घेऊन आफ्रिका, सिसिली, नॉर्मंडी, बेल्जम, जर्मनी असा चालत गेला आणि पस्तीस वर्षांनी त्यावर चित्रपट काढायला बसला. बातमीदाराचा शब्द आणि शिपायाचा शब्द यांचे भांडण त्याच्या मनात या काळात मिटले नसणार, हे चित्रपटभर जाणवते.

चित्रपटाला म्हणण्यासारखे कथानक नाही. एक पायदळाची तुकडी आहे. तिचा नायक एक उतारवयाचा सार्जंट आहे; पहिल्या महायुद्धातून वाचलेला आणि दुसऱ्यात पुन्हा उतरलेला. त्याला अखेरपर्यंत नाव नाही. तो नुसता सार्जंट. त्याच्या हाताखाली ग्रिफ, झॅब, विन्सी आणि जॉन्सन ही चार पोरे आहेत. ही चार तगतात. बाकीची माणसे येतात आणि मरतात. ही चौघे त्या नव्यांची नावेदेखील पाठ करीत नाहीत. लवकरच पुसायची नावे पाठ कशाला करायची, असा त्यांचा हिशेब. सार्जंटचे काम ली मार्व्हिन या नटाने केले आहे. हा नट १९४४ साली सायपान बेटावरच्या लढाईत नौदलाच्या पायदळातून लढताना जखमी झाला होता. काही जणांना हा तपशील अवांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. त्याच्या चेहऱ्यावर जी एक प्रकारची निर्विकार थकावट आहे ती अभिनयाने आणता येत असेल असे मला तरी वाटत नाही.

आरंभ १९१८ च्या नोव्हेंबरातला. उजाड माळ, त्यावर लाकडी ख्रिस्ताचा प्रचंड क्रूस, आणि त्या ख्रिस्ताच्या डोळ्यांच्या खोबणींत मुंग्या. सार्जंट तेव्हा साधा शिपाई आहे. धुक्यातून एक जर्मन त्याच्याकडे काहीतरी बडबडत येतो. युद्ध संपले, असे तो सांगत असतो. आपला शिपाई त्याला सुऱ्याने भोसकतो, त्याच्या टोपीची लाल पट्टी कापून घेतो आणि तळावर परततो. तिथे त्याला कळते की युद्ध संपून चार तास झाले.

झाले ते एवढेच. त्याच्यावर खटला चालत नाही, कोणी त्याला दोष देत नाही. कापून आणलेल्या त्या लाल चिंधीतूनच डिव्हिजनच्या एकाच्या आकड्याची कल्पना निघाली, असे चित्रपट सुचवतो. ही दंतकथा आहे हे फुलरलाही ठाऊक असणार. पण दंतकथा म्हणून ती भयंकर नेमकी आहे: हजारो माणसे ज्या चिन्हाखाली पुढे लढली आणि मेली, ते चिन्ह एका अशा माणसाच्या डोक्यावरचे, ज्याला मारायचे नव्हते.

आता तो संवाद सांगतो, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. ग्रिफ हा तुकडीतला एक पोरगा. दुरून गोळी झाडताना त्याला काही वाटत नाही, पण समोर माणसाचे तोंड दिसले की त्याचे बोट चापावर अडते. तो सार्जंटला सांगतो की माझ्याने कोणाचा खून होणार नाही. सार्जंट म्हणतो, आपण खून करीत नाही, मारतो. ग्रिफ म्हणतो, एकच की ते. सार्जंट म्हणतो, मुळीच नाही. जनावराचा कोणी खून करतो का? जनावर मारतात.

मराठीत हा युक्तिवाद अधिकच चपखल बसतो. आपण बकऱ्याचा खून करीत नाही, बकरे कापतो. साप मारतो. परंतु सार्जंटचे हे उत्तर नीट ऐकले पाहिजे, कारण त्यात एक मोठी फसगत आहे. ग्रिफने विचारले होते की माणसाला मारणे आणि त्याचा खून करणे यांत फरक काय. सार्जंटने उत्तर दिले ते जनावराविषयी. म्हणजे फरक कृत्यात नाही, उद्देशात नाही, तर समोर कोण आहे असे आपण मानतो त्यात आहे. समोरचा माणूस नाही असे एकदा ठरवले, की खुनाचा प्रश्नच उद्भवत नाही. हे उत्तर नव्हे. ही प्रश्न पुसण्याची युक्ती आहे. आणि फुलरला ते पक्के ठाऊक आहे, कारण हाच विचार त्याने श्रोडर नावाच्या जर्मन सार्जंटच्या तोंडीही घातला आहे. श्रोडर हिटलरचा निष्ठावंत. तोही आपल्या माणसांना सांगतो की आपण मारतो, खून करीत नाही. एकच तत्त्वज्ञान खंदकाच्या दोन्ही बाजूंना सारखेच उपयोगी पडत असेल, तर ते न्यायाचे तत्त्वज्ञान नसून चाप ओढण्याचे वंगण आहे असे म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला इथे अर्जुन आठवल्याशिवाय राहणार नाही. मलाही आठवला. परंतु या दोन विषादांत एक फरक आहे. अर्जुनाला समोर आजे, गुरू, भाऊ दिसतात. ग्रिफला समोर दिसणारा परका आहे, आणि तरीही त्याचे बोट अडते. म्हणजे ग्रिफची अडचण नात्याची नाही. ती निखळ माणूसपणाची आहे, म्हणूनच ती मला अधिक कठीण वाटते. आणि आता दोघांना मिळालेली उत्तरे पाहा. श्रीकृष्णांच्या उत्तरातली पहिली पायरी अशी की आत्मा मरत नाही, तेव्हा मारणारा मारीत नाही आणि मरणारा मरत नाही. पुढे स्वधर्म, निष्कामता वगैरे पायऱ्या येतात आणि ते उत्तर पुष्कळ उंच जाते, हे मी विसरत नाही. मी फक्त पहिल्या पायरीविषयी बोलतो आहे. श्रीकृष्ण समोरच्याला वर उचलून अमर आत्मा करतात. सार्जंट त्याला खाली ओढून जनावर करतो. दोघांच्या दिशा उलट. पण वर नेले काय आणि खाली आणले काय, दोन्ही हिशेबांत मधला माणूस तेवढा गळतो: ज्याला घाव लागतो, ज्याचे रक्त येते, जो घरी परत जाणार नाही, तो. मारण्याआधी त्याला मधून हलवावे लागते, हीच माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जर माणसाला माणूस म्हणूनच मारता आले असते, तर या दोन्ही उत्तरांची गरज काय होती?

अमेरिकेत एस. एल. ए. मार्शल या लष्करी लेखकाने १९४७ साली असे मांडले होते की प्रत्यक्ष लढाईत पायदळातले चौथा हिस्सादेखील सैनिक बंदूक झाडीत नाहीत. त्याच्या या आकड्याला आधार किती होता याविषयी पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या, तेव्हा त्यावर मी काही इमारत उभारणार नाही. तथापि लष्कराने तो आकडा मनावर घेतला आणि शिक्षण बदलले. गोल चकत्यांऐवजी माणसाच्या आकाराची लक्ष्ये उभी केली. मला यातली मौज अशी वाटते की आकडा खरा असो वा खोटा, सैन्याधिकाऱ्यांना तो पटला. आपल्या माणसांना माणूस मारणे जड जाते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असल्याखेरीज ते पटते ना.

माणसाला मधून हलवण्याची ही क्रिया शत्रूपाशीच थांबत नाही. ६ जून १९४४ रोजी ओमाहाच्या किनाऱ्यावर तुकडी उतरते तेव्हाचा प्रसंग पाहावा. पुढे काटेरी तारांचे जाळे, वरून गोळ्यांचा पाऊस. तारा उडवायला नळीत दारू भरलेले एक साधन आहे. एकेक नळी पुढे नेऊन दुसरीला जोडायची आणि शेवटी ते लांबलचक शेपूट तारांखाली सरकवायचे. त्याला बंगलोर टॉर्पेडो म्हणतात. होय, आपलेच बंगलोर. मद्रास सॅपर्समधल्या एका इंग्रज कप्तानाने १९१२ साली ते तिथे बनवले. असो. सार्जंट माणसांना आकड्याने हाक मारतो. एक नंबर जातो, मरतो. दोन नंबर जातो, मरतो. आकडा पुकारला की एक माणूस वाळूवरून सरपटत निघतो. ग्रिफची पाळी येते आणि तो प्रेतांच्या आडोशाला थिजतो. तेव्हा सार्जंट बंदूक उचलतो आणि आपल्याच पोराच्या अंगाशेजारी गोळ्या झाडतो. ग्रिफ हलतो. मधूनमधून एका मेलेल्या शिपायाच्या मनगटावरचे घड्याळ दिसते. लाटा त्यावरून जातात, काटे पुढे सरकतात आणि पाणी अधिकाधिक तांबडे होत जाते. नंबराला मरता येते, नावाला मरणे कठीण, हे सार्जंटला ठाऊक आहे. म्हणून तो नावे घेत नाही. मला आता समजते की फुलरने सार्जंटलाही नाव का दिले नाही.

इतक्या वेळ मी सार्जंटच्या युक्तिवादाची चिरफाड केली. कोणी म्हणेल, मग सरळ सांगा की मारणे आणि खून यांत फरक नाही. सगळे युद्ध म्हणजे सामुदायिक खून. शांततावादी हे म्हणतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु हेच वाक्य दुसऱ्या टोकाची माणसेही म्हणतात, याकडे लक्ष द्यावे. युद्धात सगळेच माफ, तिथे कसले नियम घेऊन बसलात, असे म्हणणारा सेनापतीदेखील मारणे आणि खून यांतला फरक पुसूनच टाकीत असतो. एकाने सगळे काळे केले, दुसऱ्याने सगळे पांढरे केले. रेघ दोघांनीही पुसली.

ही रेघ पुसता येत नाही, असे माझे मत आहे. ती कुठे असते? १९०७ च्या हेगच्या करारात ती आहे: ज्याने शस्त्र खाली ठेवले, जो शरण आला, त्याला मारणे निषिद्ध. त्याच्या कितीतरी आधी महाभारतकाराने भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्यांकडून हाच करार करवून घेतला आहे. निःशस्त्राला मारू नये, शरणागताला मारू नये, पळणाऱ्याला मारू नये, नगारे वाजवणाऱ्यांवर हत्यार उचलू नये. पुढच्या अठरा दिवसांत यातला एकेक नियम मोडतो. भूरिश्रवा हात तुटून, शस्त्र टाकून, प्राण सोडण्यासाठी बसला असता सात्यकी त्याचे डोके उडवतो. द्रोण शस्त्र ठेवून बसतात आणि मरतात. शेवटी अश्वत्थामा झोपलेल्यांना कापतो. महाभारतकाराला नियम मोडणारच हे ठाऊक होते, तर मग त्याने ते पहिल्या दिवशी लिहून का ठेवले? माझ्या समजुतीप्रमाणे याचसाठी, की मोडले तेव्हा मोडले असे म्हणता यावे. सात्यकीने केले ते पाहून दोन्ही सैन्यांतले लोक धिक्कार करतात. रेघच नसती तर धिक्कार कशाचा करायचा?

पण ही रेघ किती विचित्र ठिकाणी ओढलेली असते तेही पाहिले पाहिजे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास युद्धविरामावर सह्या झाल्या. अंमल व्हायचा होता अकरा वाजता. मधले सहा तास युद्ध चालू होते, आणि संपले आहे हे वरच्यांना ठाऊक होते. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २,७०० माणसे मेली असा एका इतिहासकाराचा हिशेब आहे. हेन्री गुंथर नावाचा एक अमेरिकन, ज्याचा सार्जंटचा हुद्दा काढून घेण्यात आला होता, तो अकराला एक मिनिट कमी असताना संगीन रोखून जर्मन ठाण्यावर धावला. पलीकडून त्याला परत जा म्हणून हात करीत होते. तो थांबला नाही. त्यांनी गोळी घातली. त्या युद्धातला शेवटचा अमेरिकन मृत म्हणून त्याची नोंद आहे. मेल्यावर त्याला हुद्दा परत मिळाला. अकराला एक मिनिट कमी असताना झाडलेली ती गोळी मारणे आहे. अकरा वाजून एक मिनिटाने झाडली असती तर खून ठरली असती. चित्रपटातल्या शिपायाचा सुरा चार तास उशिरा पडला. म्हणजे पाप आणि कर्तव्य यांच्यामध्ये उभे काय आहे? घड्याळ!

यावर हसून मोकळे होणे सोपे आहे. ही नुसती रूढी आहे, करारातला ठराव आहे, असे म्हणता येईल. मी ते नाकारीत नाही. परंतु रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे हाही ठरावच आहे आणि तो मोडणाऱ्याच्या गाडीखाली खरी माणसे मरतात. ठराव माणसाने केलेला असला म्हणून पोकळ ठरत नाही.

इथे मला आपल्याकडचा एक माणूस आठवतो. ओमाहाच्या किनाऱ्यानंतर महिनाभराने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपला सेक्शन घेऊन चढाई करीत होते. सार्जंटची असते तशीच लहान तुकडी. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटे धावून गेले. एकाला हातबॉम्बने, दुसऱ्याला गोळीने मारले. गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने ठोकून ठार केले. लगेचच दडून बसलेल्या बंदूकवाल्यांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. याला मी खून म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर मला राग येईल. समोरचे हत्यारबंद होते, झाडीत होते. रेघेच्या अलीकडेच हे घडले. पण मारले कसे हे सन्मानपत्रात जितक्या स्पष्टपणे नोंदले आहे, तितक्या स्पष्टपणे आपण पुतळ्यापुढे उभे राहून आठवत नाही. आणि त्या हातांनी पुढे गावी येऊन भात लावायचा, पोर उचलून घ्यायचे, हा प्रश्न घाडग्यांना पडायला उसंत मिळाली नाही. तो प्रश्न वाचलेल्यांचा आहे. सार्जंट वाचलेला आहे.

चित्रपटात वेड्यांच्या इस्पितळातल्या लढाईचा एक प्रसंग आहे. तिथला एक रुग्ण मशीनगन उचलून सगळ्यांवर झाडू लागतो आणि आपण शहाणे झालो असे ओरडतो. हे मला फार मथळेवजा वाटले. बातमीदाराची खोड मधूनच डोके वर काढते. तिकडे न रेंगाळता मी फाल्केनाऊकडे येतो.

फाल्केनाऊ हे चेकोस्लोव्हाकियातले गाव. आज चेक प्रजासत्ताकात ते सोकोलोव्ह या नावाने आहे. १९४५ च्या मे महिन्यात फुलरची पलटण तिथल्या छळछावणीत शिरली. फुलरच्या आईने त्याला एक लहान चित्रपट-कॅमेरा पाठवला होता. छावणीत काय चालते हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे गावातले प्रतिष्ठित लोक म्हणाले, तेव्हा फुलरच्या कप्तानाने त्यांनाच छावणीतली प्रेते स्वच्छ कपडे घालून, गाडीवर ठेवून, गावातून नेऊन पुरायला लावली. फुलरने ते टिपले. त्याच्या आयुष्यातले पहिले चित्रण ते हे. आपल्या मोठ्या चित्रपटात मात्र त्याने यातले काही घेतले नाही. तिथे त्याने ग्रिफला भट्ट्यांपुढे उभे केले आहे.

ग्रिफ एकेका भट्टीचे दार उघडतो. आत राख आणि हाडे. एका भट्टीत एक जर्मन सैनिक लपून बसलेला असतो. ज्या पोराच्या बोटाला माणसाचे तोंड पाहून चाप ओढवत नव्हता, तो गोळी झाडतो. पुन्हा झाडतो. झाडतच राहतो, आतला केव्हाच मेलेला असणार. सार्जंट येतो, पाहतो, तुझ्या हातून तो गेला असावा असे शांतपणे म्हणतो, आणि ग्रिफच्या हातात नवीन गोळ्या ठेवतो. गोळ्यांचा आवाज पुढे चालू राहतो.

पहिल्या गोळीला मारणे म्हणावे की खून, यावर वाद होऊ शकेल. पण विसाव्या गोळीला काय म्हणायचे? मेलेल्याला मारण्याला आमच्या एवढ्या शब्दश्रीमंत भाषेतही शब्द नाही. ग्रिफ आता माणसाला जनावर करून मारीत नाही. जनावरावर कोणी इतक्या गोळ्या घालीत नाही. समोरचा माणूसच आहे, माणसानेच हे केले आहे, हे कळल्यामुळे तो थांबू शकत नाही. सार्जंटची शिकवण ज्या क्षणी पूर्णपणे खोटी पडली त्याच क्षणी शिष्याच्या हाताला बळ आले, आणि गुरूने एक शब्द न बोलता गोळ्या पुरवल्या. या प्रसंगाचा निवाडा मला करता आलेला नाही.

सार्जंटला त्या छावणीत एक मुलगा सापडतो. अशक्त, न बोलणारा. सार्जंट त्याला खांद्यावर घेऊन हिंडतो. मुलगा खांद्यावरच मरतो, आणि सार्जंट त्याला खाली न उतरवता बराच वेळ चालत राहतो.

मुलाला पुरल्यावर, रात्री रानात, तो एकटाच आहे. अंधारातून एक जर्मन शरण यायला येतो. हाच तो श्रोडर. सार्जंट त्याला भोसकतो. मागून पोरे धावत येतात आणि सांगतात की युद्ध संपले, चार तास झाले.

सत्तावीस वर्षांनी तेच कृत्य, तेच अज्ञान, तेच अंतर. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी एका चर्चेत असा प्रश्न काढला होता, की दैवाने घडलेल्या गोष्टीचा नैतिक भार माणसावर पडतो का. विल्यम्सचे उदाहरण मालमोटारीच्या चालकाचे आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल सापडते. आपण त्याला सांगतो की तुझा दोष नाही, आणि ते खरेच असते. पण त्याने ते लगेच मान्य केले आणि निर्धास्तपणे जेवायला बसला, तर आपल्यालाच त्या माणसाविषयी काहीतरी वाटू लागते. दोष नाही हे खरे, आणि भार आहे हेही खरे. सार्जंटचे तसेच आहे. कायदा त्याला दोन्ही वेळा सोडून देईल. मारणे आणि खून एकच असे तो मानीत असता, तर १९१८ चा तो एक जर्मन पुढच्या शेकडो मृतांत मिसळून गेला असता आणि सुटला असता. दोहोंत फरक आहे असे तो मानतो. म्हणूनच तो एक मृत त्याला सुटत नाही. पोरांना जनावराचा दाखला देणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र त्याला कधी जनावर केलेले नाही. शिकवण एक आणि ओझे दुसरेच, हा विसंगतपणा मला दोषास्पद वाटत नाही. किंबहुना त्याच्याजवळ जे काही चांगले आहे ते या विसंगतीतच आहे.

पोरे निघतात. ग्रिफच्या लक्षात येते की श्रोडर अजून जिवंत आहे. या वेळी घाव उणा पडला आहे. यात सार्जंटचे कर्तृत्व काही नाही. वय झाले असेल, हात थकला असेल, अंधार असेल. मग सगळे त्या माणसावर तुटून पडतात. जखम दाबतात, पट्ट्या बांधतात, त्याला तळाकडे नेऊ लागतात. ज्यांनी आपल्या बाजूच्या मेलेल्या पोरांची नावे पाठ केली नाहीत, ते एका शत्रूच्या सार्जंटला मरू न देण्यासाठी धडपडत असतात. आणि सार्जंट त्या जखमी माणसाला दटावीत असतो की तुला जगावेच लागेल, नाहीतर मी तुझ्या डोक्यात गोळी घालीन.